वालक्लेरची सोपी वाट

७ मार्च, शनिवार

शिरीष आज पुन्हा पडला. घरामागच्या रेडवेवर, त्या लाल सायकलवाटेवर, जिथे पोरं स्कूटर शिकतात तिथे. म्हणे रस्ता ओला होता. मिल्टन कीन्समध्ये आठवडाभर पाऊस नाही. मी म्हटलं, कुठे ओला? तर माझ्यावरच डाफरला. "तू मागे होतीस, तुला काय दिसणार."

मागे होते म्हणूनच दिसलं. डावं पाऊल उचललंच जात नाही, फरपटतं. गुरुवारी न्यूरॉलॉजी.

संध्याकाळी बर्मिंगहॅमहून अनिलचा फोन. आमच्या लग्नात अंतरपाट धरायला उभा होता, तो अजून दोघांच्या मध्ये उभाच आहे. जुलैत फ्रान्सला जायचं पक्कं केलंय त्याने. आल्प्समधलं वालक्लेर नावाचं गाव. तो आणि शुभा, आम्ही दोघं, आमची ईशा. शि. फोनवर असा खुलला की जणू पडलाच नव्हता.

१२ मार्च, गुरुवार

मोटर न्यूरॉन डिसीज.

डॉक्टर भला माणूस. आम्ही बसलो तेव्हा टिश्यूंचा डबा आमच्या बाजूला सरकवून ठेवलेला होता. तो बघितला आणि मला कळलं. पुढचं सगळं ऐकलं, पाय, हात, जीभ, शेवटी श्वास, पण ऐकायची गरज नव्हती. मी फार्मसिस्ट. या आजाराची गोळी आमच्या कपाटात असते आणि ती काय करते, त्याहून काय करत नाही, ते मला पाठ आहे.

शि. म्हणाला, "जुलैत ट्रेकला जायचंय." डॉक्टर म्हणाले, जा, जितक्या लवकर जाल तितकं बरं.

कार पार्कमध्ये गाडी सुरू करू देईना. माझा हात ओढून स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "ट्रिप होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही. अन्याला नाही, शुभाला नाही, ईशाला तर नाहीच. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

मी हात काढून घेतला. पण घालून झाली होती.

१३ मार्च

कामावर गेले. काय करणार घरी.

शाळेत कुणी शपथ घातली की आम्ही त्याच्या हात धुऊन मागे लागायचो, "सुटली म्हण, सुटली म्हण." तो म्हणेपर्यंत घास उतरायचा नाही. आता वय अठ्ठावन्न, सायन्सची डिग्री, देवपूजासुद्धा जमेल तशी. आणि तरी. शपथ मोडली की ज्याच्या गळ्याची असते तो मरतो, असा तो कायदा. आणि इथे ज्याच्या गळ्याची घातलीय तोच

हसू आलं मला स्टोअररूममध्ये. मग बराच वेळ तिथेच होते.

२२ मार्च, रविवार

ईशा क्रॉयडनहून आली होती. डायनिंग टेबलवर वालक्लेरचा नकाशा पसरून बापलेक बसले. गावाच्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, सगळ्यांसाठी वाटा. हिरवी वाट नदीकाठची, सपाट, बाबागाड्या आणि व्हीलचेअरसुद्धा जातात. निळी वाट जंगलातून तळ्यापर्यंत, तिथून हिमनदी समोर दिसते. काळी वाट सरळ वर, लोखंडी शिड्या, शेवटी डोंगरावरची मुक्कामाची हट.

शि.चं बोट आपलं काळ्यावरच.

ईशा, तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत, "बाबा, तुझी पाय असं का करते?"

"स्लिप डिस्क आहे गं. फिजिओ चाललंय."

आणि मी, न विचारता, कमरेचे मणके मोजून, "एल फोर, एल फाइव्ह." खोटं बोलायचं तर निदान नीट तपशिलासकट. ती हो म्हणाली. माझ्यावर विश्वास ठेवते ती. तिचे हात बघत राहिले, अगदी त्याच्यासारखे आहेत.

४ एप्रिल

वेबसाइटवर आणखी एक सापडलं. वालक्लेरला एका चाकाची खुर्ची भाड्याने मिळते. पुढे एकाने दांडा धरून ओढायचं, मागे एकाने तोल सांभाळायचा. निळ्या वाटेवर तळ्यापर्यंत नेता येते. फोटोत एक बाई बसलीय, माझ्याच वयाची, आणि खिदळतेय.

शि.ला दाखवलं. फोटोकडे बघितलंसुद्धा नाही नीट.

"डोली," म्हणाला. "कॉलेजात असताना आम्ही रायगड चढायचो तेव्हा डोलीतून माणसं यायची. मी आणि अन्या हसायचो त्यांना. एकदा तर एका काकांना विचारलं, आजोबा, गड कुणी चढला, तुम्ही की या चौघांनी?"

"मग?"

"मग काही नाही. मी त्यात बसणार नाही."

१९ एप्रिल, रविवार

अनिल-शुभा जेवायला. मी मटार भात, कोशिंबीर, आळूची वडी, सगळं केलं. हात चालू असले की तोंड बंद राहतं.

अनिलचं आल्या आल्या सुरू. "काय रे जाड्या, काठी? अरे साठीला काठी लागली का लगेच?" पाठीत धपाटा. शि. टेबलाला धरून उभा होता म्हणून वाचला. "व्यायाम कर जरा. मेधाने तुला लाडावून ठेवलंय." शि. हसतोय. खरं खरं हसतोय. त्याला हेच हवंय, मला कळतं. अन्याने त्याला शिव्या घालाव्यात, अन्याने त्याच्या ताटातली वडी पळवावी. ज्या दिवशी अन्या त्याला वडी वाढेल त्या दिवशी तो संपला.

पण मग अनिलने जाहीर केलं. शि.च्या साठीची भेट, काळ्या वाटेवरच्या हटमध्ये दोघांचे झोपायचे बंक बुक. सात जुलैची रात्र. "फक्त तू आणि मी. शिड्या चढून. बायका खाली फाँड्यू खातील."

शि.चे डोळे भरले. अनिलला वाटलं, आनंदाने.

मी स्वयंपाकघरात गेले. शुभा मागोमाग. "मेधा, काही झालंय का?"

"कांदा गं."

तिने खाली बघितलं. "काकडी कापतेयस."

२ मे

आज मागेच लागले. सुटली म्हण. अनिलला तरी सांगू दे. फक्त अनिलला. त्या शिड्यांवर दोन्ही हातांनी लोंबकळायचं असतं, मी व्हिडिओ बघितलेत. तुझ्या डाव्या हाताने शर्टाचं बटण लागत नाही.

"नाही म्हणत."

"शिरीष, मी पाया पडते तुझ्या."

"पड. वय लहान आहे तुझं माझ्याहून."

असा आहे हा माणूस. हसवतो आणि मग वर बघत बसतो. रात्री जेवताना जीभ जड झाल्यासारखी वाटली. "डाळ" नीट निघेना. मी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यालाही कळलं की मी ऐकलं.

१७ मे, रविवार

"ट्रेनिंग." गाडीने अर्ध्या तासावर एक टेकडी आहे, गवताची, मेंढ्यांची. लोक कुत्री घेऊन येतात तिथे. घोट्याला स्प्लिंट लावलाय, तो बुटात मावावा म्हणून एक नंबर मोठे बूट घेतलेत, वरून सैल पँट. लपवालपवीत इतकी बुद्धी चालवतो, तेवढी

अर्ध्यावर बसला. एक बाई बाबागाडी ढकलत आम्हाला मागे टाकून गेली. "लव्हली डे," म्हणाली. शि. म्हणाला, "इझंट इट." ती गेल्यावर म्हणाला, "मेधा, पाय माझे आहेत असं वाटतच नाही."

मी म्हटलं, नदीकाठची हिरवी वाट करू. छान असेल. बाकं आहेत.

"बाकं," तो म्हणाला.

उतरताना माझा खांदा धरून आला. इतकं वजन टाकलं की घरी आल्यावर मला मूव्ह लावावं लागलं. दोघांना एकच वास. आवडला मला, वेड्यासारखा.

४ जून

स्पेशालिस्ट नर्स घरी आली होती. शहाणी मुलगी. शि. बाथरूममध्ये गेला तेव्हा मला विचारलं, तुमच्या मुलीला माहीत आहे?

नाही.

का?

काय सांगू. आय प्रॉमिस्ड, म्हटलं. ती म्हणाली, कधीकधी आपल्याच भल्यासाठी प्रॉमिस मोडावं लागतं. प्रॉमिस कसलं कर्माचं. प्रॉमिस म्हणजे दूध आणायचं विसरलं तरी मोडतं. या मुलीला इंग्रजीत कसं सांगू की त्याने माझा हात त्याच्या गळ्यावर ठेवला होता, आणि खाली शीर उडत होती, आणि ती अजून माझ्या तळव्यात उडते.

मला सांगायचंय. देवा, मला ओरडून सांगायचंय. फार्मसीत खोकल्याचं औषध घ्यायला येणाऱ्या अनोळखी माणसाला सांगावंसं वाटतं.

२८ जून, रविवार

बॅगा भरल्या. चिवडा, चकल्या, थालीपिठाची भाजणी. सोबत श्वासाच्या व्यायामाचं यंत्र, ते टॉवेलात गुंडाळून.

दुपारी अनिलचा फोन स्पीकरवर. शि.ची जीभ आज फारच जड. अनिल, "अरे, दिवसाढवळ्या? कितवा पेग?"

शि.ने माझ्याकडे बघितलं. "दुसरा," म्हणाला. "तुझ्या नावाने."

अनिल खदखदून हसला. म्हणजे दारुडा चालेल, आजारी नको. मी उठून अंगणात गेले आणि भांडं भरभरून झाडांना पाणी घातलं. काल घातलेलं होतं.

४ जुलै, शनिवार. वालक्लेर

पोचलो. सगळं फोटोसारखंच. तेच वाईट आहे. लाकडी बाल्कन्या, जिरेनियम, चर्चचा मनोरा, आणि वर सगळ्यांच्या डोक्यावर ती पांढरी हिमनदी. ईशा गाडीतून उतरली आणि म्हणाली, "ओ माय गॉड, बाबा, हे बघ!" तो बघतच होता.

तळमजल्याची खोली मागून घेतली. मी सांगितलं मला जिन्याचा त्रास होतो. माझा गुडघा बरा उपयोगी पडतो.

५ जुलै, रविवार

सगळे मिळून हिरवी वाट. नदी दुधी रंगाची, बर्फाचं पाणी. वाट खरोखरच सगळ्यांसाठी केलीय. कडेने दोर बांधलाय, एक आंधळी बाई त्यावर हात सरकवत एकटी चालली होती, वाऱ्याकडे तोंड करून. दोन काठ्या घेतलेले एक आजोबा. व्हीलचेअरवरची एक पोरगी, तिचा भाऊ तिला मुद्दाम डबक्यातून नेत होता आणि दोघं किंचाळत होती. इथे कुणी कुणाकडे वळून बघत नाही. कुणाला कुणाचं काही वाटत नाही.

या वाटेवर माझा नवरा आजारी असू शकला असता. साधा, उघडपणे आजारी. एवढंच मला हवं होतं.

आणि तो अनिलच्या पुढे राहण्यासाठी दात आवळून चालत होता.

अनिल, "हे तर सारसबाग आहे रे! भेळ कुठे मिळते? मंगळवारी खरी वाट."

जेवणापूर्वी खोलीत मी शेवटचं म्हणून विचारलं. हात निसटला तर? शिडीवर, वर, अनिल पुढे आणि तू मागे, आणि हात निसटला तर?

बाकावर बसल्यासारखा शांत बसला होता पलंगावर. "निसटला तर निसटला."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढचं काही बघायला नको. मला नको, तुला नको. ट्यूब नको, मशीन नको. चांगली जागा आहे, मेधा. हवा चांगली आहे."

मग मला कळलं तो वर कशाला चाललाय. किंवा कशालाही तयार होऊन चाललाय. मूर्ख मी, इतके महिने मला वाटत होतं की ही सगळी ऐट अनिलसाठी आहे.

आणि अनिल? माझ्या नवऱ्याला त्या शिडीवरून खाली पडताना बघेल तो. काहीच माहीत नसताना. साठीची भेट म्हणून.

६ जुलै, सोमवार

मोडली.

सकाळी ब्रेड आणायला अनिल एकटा जातो. मी चपला घालून त्याच्या मागे पळाले. बेकरीच्या रांगेत गाठलं. पुढे चार फ्रेंच माणसं, कुत्री, पाववाली बाई बोंजूर म्हणतेय, आणि मी मराठीत, एका दमात. शिरीषला मोटर न्यूरॉन आहे. मार्चपासून. तो शिड्या चढू शकत नाही. त्याचा हात चालत नाही. तिथून पडला तरी त्याला चालणार आहे, अनिल. त्याने मला शपथ घातलीय आणि ती मी आत्ता मोडतेय.

अनिलचा नंबर आला. त्याने रोजच्यासारखे ब्रेड घेतले, रोजच्यासारखं मर्सी म्हणाला. बाहेर आला आणि कठड्यावर बसला.

"मी त्याला जाड्या म्हणत होतो."

"हो."

"दारुडा म्हणत होतो. पाठीत मारलं त्याच्या. आणि तू बघत होतीस."

"हो."

"तू बघत होतीस, मेधा!" आवाज चढला त्याचा. मग त्याने ब्रेड छातीशी धरला आणि रडला. ब्रेड मोडला. सांत्वन करायला हवं होतं मी. माझ्यात काही उरलं नव्हतं. मला हलकं वाटत होतं, लाज वाटेल इतकं हलकं.

संध्याकाळ

अनिलने मला वचन दिलं होतं की दाखवणार नाही. हळूच काढू विषय म्हणाला. आणि घरात शिरल्यावर काय केलं त्याने? शि. टेबलाशी येत होता, तर अनिलने पुढे होऊन त्याच्यासाठी खुर्ची मागे ओढली.

एवढंच. चाळीस वर्षांत त्याने शि.साठी खुर्ची ओढली नव्हती.

शि. उभा राहिला. खुर्चीकडे बघितलं, अनिलकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग म्हणाला, "ईशा, बस. तुला काहीतरी सांगायचंय." त्यानेच सांगितलं तिला. सावकाश, जड जिभेने, एक एक शब्द मांडून. शुभाने तिचा हात धरून ठेवला होता.

ईशा आधी त्याला बिलगली. मग माझ्याकडे वळली. "तू मला एल फोर, एल फाइव्ह सांगितली, आई. यू गेव्ह मी द ब्लडी व्हर्टिब्री."

खोलीत आल्यावर शि. म्हणाला, "झालं समाधान?"

मी म्हटलं, मला तू हवायस. शिडीखाली नको, घरी हवायस. कसा का असेना.

त्याने भिंतीकडे तोंड केलं.

८ जुलै, बुधवार

काल हटवर कुणी गेलं नाही. आज त्या एका चाकाच्या खुर्चीत बसला. ईशाने विचारलं म्हणून. मला वाटलं होतं नाही म्हणेल, पण तिने फक्त, "बाबा, मला तुझ्यासोबत तळं बघायचंय," म्हटलं आणि तो उठला.

अनिल पुढे, ईशा मागे, दांडे धरून. पाइनची मुळं, दगड, वळणं. ते एक चाक अडखळतं आणि मग उडी मारतं. अनिलला धाप लागली की शि. म्हणायचा, "ए डोलीवाल्या, थांबू नको, पैसे कापीन." अनिल आईवरून शिवी द्यायचा. ईशाला शिवीचा अर्थ विचारायचा होता. तिघं हसत होती. मी आणि शुभा मागून पाण्याच्या बाटल्या घेऊन.

तळ्याशी पोचल्यावर हिमनदी इतकी जवळ की थंड वारा तोंडावर येतो. शि. म्हणाला, "अन्या, हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून इतकंच खोल वाटायचं ना?" मग शुभाला म्हणाला, "चकली काढा." मग ईशाला, "जवळ ये, थंडी वाजतेय का?"

सगळ्यांशी बोलला. माझ्याशी नाही. परवापासून एक शब्द नाही.

शब्द त्याच्याकडे किती उरलेत ते मला माहीत आहे. नर्सने सांगितलंय, त्यालाही सांगितलंय. जीभ याच गतीने गेली तर थंडीपर्यंत, कदाचित त्याआधी. आणि त्यातले तो माझ्यावर रुसून घालवतोय. शुभाला चकली मागायला आहेत. वाटेतल्या कुत्र्याला हाक मारायला आहेत.

मला इतका राग आला की तळ्यात दगड फेकला. ईशाला वाटलं मी खेळतेय.

१० जुलै

आज दोघंच नदीकाठी. हिरव्या वाटेवरचं तिसरं बाक. बाकीचे सामान आवरत होते. मी म्हटलं, रागव माझ्यावर. शिव्या दे. म्हण की मी विश्वासघात केला. म्हण ना काहीतरी.

पाण्याकडे बघत राहिला.

"मी परत मोडीन," मी म्हटलं. "शंभरदा मोडीन. ऐकतोयस का?"

ती आंधळी बाई परत आली, दोराला धरून. आमच्या बाकापाशी थांबून म्हणाली, बोंजूर. तिला कसं कळलं कुणी आहे ते. शि.ने मान लववून उत्तर दिलं, आणि ते तिला दिसणार नव्हतं. मीच मोठ्याने म्हणाले, बोंजूर.

१९ जुलै, रविवार. घरी

आता सगळ्यांना माहीत आहे. मराठी मंडळाचे लोक डबे आणतात. एकाच दिवशी तीन ठिकाणची पुरणपोळी आली, आणि त्याला घट्ट गिळता येत नाही. मी खाल्ली. उभ्याने, फ्रीजसमोर.

ईशा शुक्रवारी संध्याकाळी येते, रविवारी जाते. माझ्याशी बोलते आता, थोडं तिरकं. तेही चालेल. तिचं तिरकं बोलणं मला गोड लागतं इतकी वाईट वेळ आहे.

शि. खुणा करतो. चहा? मान. खिडकी? हात. मी विचारते, तो हलवतो. आंघोळ घालताना साबण डोळ्यात गेला तर "स्स" म्हणाला. तेवढ्यानेही मी थांबले, की आता पुढे काही म्हणेल.

२ ऑगस्ट

अनिल आला होता. दोघं मॅच बघत बसले. अनिल बोलतोय, शि. ऐकतोय. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग आलं. तो अनिलशीही बोलला नाही आज. ईशाशी फोनवर नुसतं "हं." 

म्हणजे आता मला कळायचा मार्गच राहिला नाही. माझ्याशी बोलत नाही, तो राग आहे की येतच नाही. कालपर्यंत राग होता, त्याचा मला राग होता. आज वाटतं, रागच असू दे. देवा, रागच असू दे.

११ ऑगस्ट, मंगळवार

स्पीच थेरपिस्ट येऊन गेली. मशीन आणलंय, माइक आणि स्क्रीन. आवाज आहे तोवर रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवायची, पुढे बटण दाबलं की त्याच आवाजात ऐकू येतील. मराठीसुद्धा चालतं. तिला मराठी येत नाही म्हणून शब्द नीट उमटतोय का ते सांगायला मला शेजारी बसवलं.

शि. तयार झाला. मला आश्चर्य वाटलं. पाणी. पंखा बंद कर. पाठ खाजव. पुसट, ओढलेले, पण त्याचेच. मग स्वतःहून, "अन्या, गप्प बस." थेरपिस्टला अर्थ सांगितला, ती हसली. "ईशा, जेवलीस का?" ते चारदा करावं लागलं. मला ते ऐकवेना, पण ऐकलं आणि म्हटलं, हो, नीट आहे. प्रत्येक वाक्यानंतर तो जास्त थकत होता. शेवटी घाम आला.

ती म्हणाली, आता बायकोसाठी काहीतरी. जे रोज म्हणता ते.

बराच वेळ गेला. ओठ हलले, की मला वाटलं. स्क्रीनवरची रेघ सरळ. तिला पुढच्या पेशंटकडे जायचं होतं. म्हणाली, मशीन शुक्रवारपर्यंत तुमच्याकडेच राहू दे, आवाज थकलाय, थोडी विश्रांती घेऊन करा. टेक युअर टाइम. लाल बटण तेवढं चालू असू दे, जमेल तेव्हा बोला.

ती गेली. तो टेबलाशीच बसलाय. मी उठवायला गेले तर मनगट धरून ठेवलं, मग सोडलं. म्हणून मीही समोर बसले, आणि त्याच्याकडे टक लावून बघायला नको म्हणून हे लिहितेय. मशीनचा लाल दिवा चालू आहे. बाहेर शेजाऱ्यांची पोरं सायकलींवर ओरडतायत, तेही सगळं रेकॉर्ड होत असणार. पेनाचा आवाजही.

आत्ता घसा साफ केला त्याने. लाळेने, की

पेन खाली ठेवते.